पुस्तक उघडतं, पण कॅटलॉगमध्ये नोंद नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. ‘ई-बुक पुरवठादाराच्या प्लॅटफॉर्मवर व्यवस्थित उघडतं, वर्गणीही भरलेली आहे, मग आपल्या ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये त्याची नोंद का नाही?’ या प्रश्नाला हमखास एक शेपूट असतं: ‘नोंदींची सगळी फाइल पुन्हा चढवू का?’ शेपटाचं उत्तर आधी देतो. नको. नोंद कुठे गळाली हे कळायच्या आत फाइल पुन्हा चढवली, तर दुबार नोंदी निस्तरण्याचं काम तेवढं वाढतं.

एकच शीर्षक पकडा आणि त्याचा माग काढा. पुरवठादाराच्या शीर्षक-यादीत ते आहे का? ही यादी बहुधा केबार्ट या, ई-साधनांच्या याद्यांसाठी ठरलेल्या नमुन्यात, टॅबने विभागलेली मिळते. ती एक्सेलमध्ये नुसती डबल-क्लिक करून उघडू नका. १३ अंकी आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) ९.७८ई+१२ असा दिसू लागतो आणि तसाच सेव्ह झाला की पुढचे अंक गेलेच. फाइल इम्पोर्ट करताना तो रकाना ‘टेक्स्ट’ ठेवा. यादीत शीर्षक आहे पण मार्क फाइलमध्ये (कॅटलॉग-नोंदींच्या ठरलेल्या नमुन्यातली फाइल) नाही, तर प्रश्न पुरवठादाराचा. नव्या पुस्तकांची मार्क नोंद पुस्तकानंतर बऱ्याचदा उशिरा येते. नॉलेजबेसमधून (कोणत्या पॅकेजात, म्हणजे संचात, कोणती पुस्तकं आहेत याचा सामायिक साठा) नोंदी घेत असाल तर पॅकेज निवडलेलं असूनही नोंदी पाठवण्याची सोय वेगळी चालू करावी लागते का, तेही पाहा.

मार्क फाइलमध्ये नोंद आहे आणि कॅटलॉगमध्ये नाही, इथे खरी मेख असते. इम्पोर्टचा अहवाल काढा. नव्या, बदललेल्या, वगळलेल्या आणि चुकलेल्या नोंदींची बेरीज फाइलमधल्या नोंदींइतकी आलीच पाहिजे. पॅकेज कोरं नवं असताना ‘बदललेल्या’ किंवा ‘वगळलेल्या’ नोंदींचा आकडा मोठा दिसला, तर जुळणीचा नियम, म्हणजे येणारी नोंद आधीच्या कोणत्या नोंदीची मानायची हे ठरवणारा नियम, तपासा. नियम आयएसबीएनवर असेल तर घोळ असा होतो: ०२० टॅगच्या (मार्क नोंदीतला क्रमांकित रकाना) ए सबफिल्डमध्ये (रकान्याचा उपभाग) ई-आवृत्तीचा आणि झेडमध्ये छापील आवृत्तीचा क्रमांक असायला हवा, पण अनेक पुरवठादार छापीलचा क्रमांकही ए मध्येच टाकतात. तो तुमच्या छापील पुस्तकाच्या नोंदीशी जुळतो. मग एक तर नवी नोंद आतच येत नाही, नाहीतर छापीलची नोंद पुसून तिच्या जागी बसते. दुसरा प्रकार ओळखायला सोपा आहे. नोंदीत ३३८ टॅगवर ‘ऑनलाइन रिसोर्स’, ८५६ मध्ये लिंक, आणि खाली लटकलेल्या प्रतींना मात्र दाखल क्रमांक आणि कपाटाची जागा!

यावर उपाय म्हणजे जुळणी पुरवठादाराच्या नियंत्रण क्रमांकावर ठेवायची: ००१ आणि ००३ एकत्र, किंवा ०३५. कोहात (ग्रंथालयाची संगणक प्रणाली) असा चुकलेला इम्पोर्ट मागे घेता येतो, पण बदललेल्या नोंदी इम्पोर्टपूर्वीच्या रूपात परत जातात. मधल्या काळात त्यांत कोणी दुरुस्त्या केल्या असतील तर त्याही जातात, म्हणून आधी चौकशी करा. आणि कोहात फाइल ‘स्टेज’ करणं (तपासणीसाठी तात्पुरती ठेवणं) म्हणजे इम्पोर्ट करणं नव्हे. स्टेज झालेली फाइल उघडून इम्पोर्टचं बटण दाबावंच लागतं. गायब पॅकेजांपैकी काही तिथेच पडून असतात.

नोंद आधी होती आणि नंतर नाहीशी झाली, तर संशय वजावटीच्या, म्हणजे काढून टाकायच्या नोंदींच्या, फाइलवर घ्या. एकच पुस्तक दोन पॅकेजांत असतं, नोंद मात्र एकच आणि तिला दोन लिंक. एका पॅकेजातून पुस्तक निघालं की लीडरच्या (नोंदीच्या सुरुवातीची सांकेतिक ओळ) ५व्या जागी, मोजणी ० पासून, ‘डी’ (रद्द) असलेली नोंद येते आणि अख्खी नोंद उडते, दुसऱ्या पॅकेजाची लिंकही सोबत. प्रत्येक पॅकेजाचा संकेत एखाद्या स्थानिक टॅगमध्ये ठेवला, तर वजावटीच्या वेळी फक्त ती लिंक काढता येते. ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावावी. हजारो नोंदींवर ती मागाहून लावणं जिवावर येतं.

आता नोंद कर्मचाऱ्यांना दिसते पण वाचकांना नाही, तो प्रकार. नोंद क्रमांकाने थेट उघडते पण शोधात येत नाही, तर इंडेक्स (शोधासाठी बांधलेली सूची) मागे राहिला आहे. तो चालू आहे का पाहा, गरज पडल्यास पूर्ण बांधा. इंडेक्स ठीक असेल तर कोहात ९४२ टॅगचं एन सबफिल्ड पाहा. तिथे १ असेल आणि ओपॅक सप्रेशन (वाचकांच्या कॅटलॉगमधून नोंद लपवण्याची सोय) चालू असेल तर नोंद झाकली जाते. शोध एका शाखेपुरता किंवा ‘उपलब्ध प्रती’पुरता मर्यादित असेल, तर ई-बुक गळतंच, कारण त्याला ९५२ या प्रतींच्या टॅगखाली प्रतच नसते. वाचकाने नेमका कसा शोध घेतला हे विचारल्याशिवाय हे कळत नाही.

देवनागरी किंवा उच्चारचिन्हं असलेली शीर्षकं तेवढी सापडत नसतील, तर लीडरची ९वी जागा बघा, मोजणी ० पासून. मजकूर यूटीएफ-८ असेल तर तिथे ‘ए’ हवा. ती जागा कोरी राहिली की मजकूर मार्क-८ (मार्कची जुनी अक्षर-संकेतपद्धती) समजून वाचला जातो आणि अक्षरांचा चुराडा होतो. मार्कएडिट या मार्क फाइली दुरुस्त करण्याच्या प्रोग्रॅममध्ये ही जागा सगळ्या फाइलभर एकदम दुरुस्त होते.

पुरवठादाराला लिहिताना ‘नोंदी मिळाल्या नाहीत’ एवढंच कळवलं तर ‘आम्ही सर्व पाठवल्या आहेत’ असं उत्तर ठरलेलं. फाइलचं नाव, ती उतरवल्याची तारीख, तिच्यातल्या नोंदींची संख्या आणि गायब शीर्षकांपैकी चार-पाचांचे ई-आयएसबीएन लिहून पाठवा.