कांदे, बोटं आणि नऊ घरं

मागच्या रविवारी जेवणं झाल्यावर भाच्याने जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं घातलं, स्केचपेनने फुली-गोळ्याला आखतो तशी नऊ घरं आखली आणि म्हणाला, "मावशी चल, बसवूया सगळ्यांना." सगळ्यांना म्हणजे लॉर्ड ऑफ द रिंग्ज, हॅरी पॉटर, गेम ऑफ थ्रोन्स असल्या फॅन्टसी पुस्तकांतल्या लोकांना. गॅन्डाल्फ, स्नेप, स्टॅनिस, बोरोमीर, जो आठवेल तो. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे, मग चहा टाकू. चहा साडेसहाला झाला आणि तोही आईने केला, वैतागून.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डंजन्स अँड ड्रॅगन्स नावाचा खेळ आहे, त्यात आपण एक पात्र घ्यायचं आणि त्याच्या कागदावर नाव, ताकद, हत्यारं यांच्यासोबत त्याची अलाइनमेंट लिहायची, म्हणजे मनुष्य कुठल्या वळणाचा आहे ते. एका बाजूला गुड, न्यूट्रल, ईव्हिल आणि दुसऱ्या बाजूला लॉफुल, न्यूट्रल, केऑटिक, म्हणजे ढोबळमानाने नियमातला, मधला आणि बेबंद. तीन त्रिक नऊ. गंमत म्हणजे १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी खेळ काढला तेव्हा घरं तीनच होती, लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस. चांगलं-वाईट हा कॉलमच नाही! आपल्या पत्रिकेत कसे तीनच गण, देव, मनुष्य आणि राक्षस, प्रत्येकाच्या वाट्याला नऊ नऊ नक्षत्रं, विषय संपला, तसंच. गुड-ईव्हिलची दुसरी रेघ नंतर आली, त्याच दशकात आधी पाच घरं झाली आणि मग नऊ. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत परत पाचावर आणली आणि २०१४ ला पाचव्या आवृत्तीत परत नऊ. आणि मुळात हे लॉ-केऑस प्रकरण त्यांनी पोल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या फॅन्टसी कादंबऱ्यांतून उचललेलं, म्हणजे गोष्टीतून खेळात गेलेली वस्तू आम्ही परत गोष्टीतल्याच लोकांना लावत बसलो होतो, माहेरचा डबा भरून माहेरीच परत पाठवावा तसं.

सुरुवात झकास झाली. हॅरी पॉटरमधले खोडकर वीजली जुळे भाऊ केऑटिक गुड, यावर एका सेकंदात एकमत. त्यांच्याच शाळेतली अम्ब्रिज बाई लॉफुल ईव्हिल, गुलाबी स्वेटर, गोड आवाज, भिंतीवर फ्रेम करून टांगलेले फतवे, आणि पोराला शिक्षा म्हणून असं पेन द्यायचं की कागदावर लिहिलं की हाताच्या पाठीवर कोरलं जातं. तिच्याबद्दल वादच नाही, अशी एक बाई (किंवा बुवा) प्रत्येकाला शाळेत नाहीतर एखाद्या खिडकीपलीकडे भेटलेली असते. लॉर्ड ऑफ द रिंग्जमधली शेलॉब कोळीण न्यूट्रल ईव्हिल, तिला राज्य नको की नियम नको, भूक लागलीये एवढंच.

मग त्याच गोष्टीतल्या खलनायकावर, सॉरॉनवर, गाडी अडली. तो ईव्हिल आहे यावर अर्थात दोघांचंही जमलं. पण भाचा म्हणे केऑटिक, कारण ज्वालामुखी, ऑर्कांच्या झुंडी, सगळीकडे राख. मी म्हटलं अरे बाबा, त्या माणसाला जगात एवढी शिस्त हवीय की सगळ्यांच्या अंगठ्या एकाच मास्टर अंगठीच्या ताब्यात पाहिजेत, याहून टापटिपीचा हुकूमशहा कुठून आणू? पंधरा मिनिटं गेली. आणि तेव्हा माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं की चांगला का वाईट यावर आमचं काही भांडण होतच नाहीये, ती रेघ बिचारी मुकाट पडलीये, सगळी मारामारी दुसऱ्या रेघेवर चाललीये. लॉफुल म्हणजे नक्की काय ते दोघांनाही माहीत नव्हतं. त्याच्या मते लॉफुल म्हणजे जो राजाचा कायदा पाळतो तो. माझ्या मते दिलेला शब्द पाळणारा. आणि आमच्या आईच्या मते, ती सोफ्यावरून झोपेत असल्यासारखं दाखवून सगळं ऐकत होती, ज्याच्या चपला जागेवर असतात तो.

हे तीन अर्थ घेऊन पुढे जा म्हणजे कळेल किती बोंब होते ती. गेम ऑफ थ्रोन्समधला जेमी लॅनिस्टरच घ्या. राजाच्या रक्षणाची शपथ घेतलेला माणूस त्याच राजाचा गळा चिरतो, कारण वेडा राजा अख्खं शहर जाळायला निघालेला. शपथ मोडली, शहर वाचलं, आणि जन्मभर लोक त्याला शपथमोड्या म्हणून हिणवतात, आणि तो कुणाला खरं कारण सांगतही नाही कितीतरी वर्षं. आता तो कुठे? पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीला तो एका लहान मुलाला खिडकीतून ढकलतो तेव्हा विचारलंत तर मी खालच्या ओळीत बसवीन, ईव्हिल, आणि तिसऱ्या पुस्तकात तो हमामखान्यात बसून ब्रिएन नावाच्या लढवय्या बाईला ही हकीगत सांगतो तेव्हा विचारलंत तर माझाच हात थरथरेल. अंगठीच्या मोहाने एका देहात दोन माणसं झालेल्या गोलमचं तर तासावर आहे, सकाळी स्मिगल, रात्री गोलम. आणि त्याच गोष्टीतला टॉम बॉम्बाडिल ती मास्टर अंगठी घालतो तर इतरांसारखा अदृश्यसुद्धा होत नाही, उलट तीच क्षणभर गायब करून दाखवतो, हसतो आणि परत देतो. त्याला आम्ही घरात बसवलंच नाही, कॅलेंडरच्या समासात लिहिला, एकादशीच्या शेजारी.

मला या लॉफुलपणाची खुन्नस असण्याचं कारण खासगी आहे. दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या ग्रुपला एक माणूस कमी पडत होता म्हणून मला खेळायला बसवलं आणि मी हौसेने पॅलाडिन घेतला, चकचकीत चिलखत, धर्माची तलवार वगैरे. तिसऱ्याच रविवारी एका तुरुंगात एक गॉब्लिनचं पोर अडकलेलं, मी पहारेकऱ्याला सांगितलं तुला कॅप्टनने बोलावलंय, तो गेला, मी दार उघडलं. खेळ चालवणारी मुलगी, वय वर्षं सोळा, वीस बाजूंचा फासा बोटांत फिरवत माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, पॅलाडिन खोटं बोलतो का?" इतकी लाज मला खऱ्या आयुष्यात थापा मारताना कधी वाटली नाही! जुन्या नियमांत पॅलाडिन लॉफुल गुडच असायला लागायचा, घसरला की शक्ती गेल्या. आताच्या नियमांत तसं नाही, त्याने घेतलेली शपथ महत्त्वाची, त्यामुळे माझ्या शक्ती वाचल्या. पण डोक्यात एकदम युधिष्ठिरच आला. नरो वा कुंजरो वा म्हणेपर्यंत त्याचा रथ जमिनीच्या चार अंगुळं वरून चालायचा आणि ते एक अर्धं वाक्य बोलल्यावर चाकं मातीला टेकली. पॅलाडिनची पॉवर जाणे म्हणजे याहून वेगळं काय असतं? फरक एवढाच की त्याला कुणी फासा टाकून वाचायची संधी दिली नाही.

असो. तर चार वाजता आम्ही स्टॅनिस बराथियनवर आलो आणि तिथे खरा राडा झाला.

पुस्तकं न वाचलेल्यांसाठी: हा स्टॅनिस एका किल्ल्यात वेढ्यात अडकलेला असतो, बाहेर शत्रू, समुद्रात शत्रूची गलबतं, आत शिबंदी उपाशी, उंदीर खायची वेळ आलेली. अशा वेळी डाव्होस नावाचा एक स्मगलर काळोख्या रात्री आपली होडी गलबतांच्या मधून काढून किल्ल्यात पोचतो, होडीत काय तर कांदे आणि खारवलेले मासे. त्यावर किल्ला तगतो. वेढा उठल्यावर स्टॅनिस त्याला सरदारकी देतो, जमीन देतो, आणि आधीच्या सगळ्या वर्षांच्या स्मगलिंगबद्दल डाव्या हाताच्या चार बोटांची टोकं छाटतो. चांगल्या कामाने वाईट काम पुसलं जात नाही, हा त्याचा हिशोब. आणि डाव्होस काय म्हणतो, ठीक आहे, पण तुम्ही स्वतः छाटा, दुसऱ्याच्या हातून नको. ती हाडं तो पुढे एका पिशवीत घालून गळ्यात बाळगतो, नशीब म्हणून!

भाचा म्हणाला लॉफुल न्यूट्रल, याच्याइतकं क्लीन उदाहरण अख्ख्या फॅन्टसीत नाही, पुस्तकात छापावं असं. मी म्हटलं थांब, हाच माणूस पुढे जादूटोण्याने सख्ख्या भावाचा काटा काढतो, ते कुठल्या कायद्यात बसतं? तो म्हणाला भावाने बंड केलं होतं, सिंहासनावर कायद्याने हक्क याचाच. मी म्हटलं म्हणजे कायदा याच्या बाजूने असला की काहीही चालतं? तो म्हणाला मावशी तू इमोशनल होतेयस. मी म्हटलं इमोशनल नाही, तू त्याच्या दात खाऊन जबडा आवळण्यावर भाळलायस, कडक माणूस दिसला की तुम्हाला तो न्यायी वाटतो. आवाज चढले. स्टॅनिसचं नाव एका चिठ्ठीवर लिहिलेलं, ती चिठ्ठी आम्ही दोघं मिळून एका घरातून दुसऱ्या घरात सरकवत होतो, कॅरमची सोंगटी सरकवावी तशी, आणि तिचा कोपरा फाटला.

तेव्हा आई उठून बसली. चष्मा लावला आणि विचारलं, "त्या कांदेवाल्याची बोटं का तोडली?"

भाच्याने सगळं परत सांगितलं, व्यवस्थित, वेढा, गलबतं, खारे मासे, आधीची पापं, नंतरचं पुण्य.

"आणि कांदे खाल्ले का त्याने?"

"हो आजी, म्हणजे खायला लागलेच ना, उपाशी होते सगळे."

"आधी खाल्ले आणि मग तोडली?"

"हो, पण तोच तर पॉइंट आहे, बक्षीस वेगळं आणि शिक्षा वेगळी..."

"मग चोरीचे कांदे खाणाऱ्याची बोटं कुणी तोडली?"

आम्ही दोघंही गप्प. मी इतक्या वर्षांत ती पुस्तकं दोनदा वाचलीत, त्यावर तासन्‌तास बोललेय, आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता. शपथेवर सांगते. भाच्याने तोंड उघडलं, बहुधा वेढ्यात अडकलेल्याला कायदा वेगळा असतो असं काहीतरी म्हणणार होता, आणि मिटलं.

आई आत गेली, चहा ठेवल्याचा आवाज आला, मग आतूनच विचारलं, "आणि तो कांदेवाला कुठं बसवलात?"

डाव्होसची चिठ्ठी आम्ही केलीच नव्हती. इतका वेळ ज्याच्या बोटांवरून भांडत होतो त्याचं नावच यादीत नाही. भाच्याने घाईघाईने चिठ्ठी लिहिली आणि लॉफुल गुडवर ठेवली, कारण त्याच्याइतका इमानी माणूस तिथे दुसरा नाही, राजाला तोंडावर चूक आहात म्हणून सांगणारा पण तोच. मग म्हणाला, पण स्मगलर आहे, अर्धं आयुष्य कायदा चुकवण्यात गेलंय, आणि चिठ्ठी केऑटिक गुडवर नेली. मी म्हटलं पण बोटं स्वतःहून पुढे केली ना त्याने, शिक्षा मान्य केली, याहून लॉफुल काय. चिठ्ठी परत डावीकडे. शेवटी ती दोन्हीच्या मधोमध न्यूट्रल गुडवर आली तेव्हा दोघांनाही माहीत होतं की ही तडजोड आहे, कारण मधलं असं त्या माणसात काहीच नाही, तो एकाच वेळी दोन्ही टोकांना आहे.

एवढ्यात आईने चहाचा कप आणून नेमका लॉफुल न्यूट्रलवर ठेवला, खाली स्टॅनिस. आणि दुसऱ्या हातातली परडी भाच्यापुढे सरकवली, पाच-सहा कांदे आणि विळी.

"रात्री भजी करायचीयेत. उभे चिर," ती म्हणाली, "आणि बोटं सांभाळून."