गारगोटीतला विस्तव

काळ्या रानात नांगरट झाली आणि वर पावसाची एक सर पडून गेली की ढेकळांमधून पांढऱ्या गारगोट्या डोकं वर काढतात. काळ्या खडकाची झिजून माती झाली, त्याच्या पोटातली गारगोटी मात्र तशीच राहिली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर साचले. लाव्हा निवताना त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत झिरपलेल्या पाण्यातली सिलिका (वाळूत असतं तेच द्रव्य) भिंतींवर बसत गेली आणि तीच ही गारगोटी.

गारगोटीच्या पोटात विस्तव असतो, असं जुनी माणसं सांगतात. या समजुतीमागे दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली चकमकीची ठिणगी. ती दगडाची नसतेच. गारगोटीची धार पोलादाचा बारीक कण खरवडून काढते आणि तो कण हवेत पेटतो. म्हणून जुन्या कानशीचा तुकडा चालतो. साध्या मऊ लोखंडी सळईवर कितीही आपटा, काही होत नाही. धारेवरून पोलाद तिरकं, ओझरतं मारायचं. पांढऱ्या गारगोटीची धार लवकर चुरते, त्यापेक्षा तिच्याच जातीचा, बारीक कणांचा अकीक जास्त टिकतो. ठिणगी झेलायला सावरीचा कापूस आधी थोडा जाळून काळा केलेला हवा. तो दमट असेल तर सगळी मेहनत फुकट!

दुसरा उजेड मात्र खरोखर दगडातला. मुठीत मावतील अशा दोन गारगोट्या घ्या, अंधाऱ्या खोलीत डोळे सरावेपर्यंत दहा मिनिटं थांबा, मग एकीची कड दुसरीच्या सपाट अंगावर जोरात दाबून घासा. आपटू नका, कपच्या डोळ्यांत उडतात. घासल्या जागी दगडाच्या आतून पिवळट नारिंगी उजेड फाकतो आणि करपल्यासारखा वास येतो. घासताना स्फटिकातले बंध तुटतात आणि त्या ऊर्जेचा अंश प्रकाश होऊन बाहेर पडतो. या उजेडात जळत काहीच नाही, त्यामुळे बादलीभर पाण्याखाली घासलं तरी तो दिसतो. विस्तव असता तर पाण्यात जगला नसता!

उजेड दिसलाच नाही, तर हातातला दगड बहुधा कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज आहे. तोही याच पोकळ्यांत सापडतो आणि तितकाच पांढरा असतो. बाटलीच्या काचेवर ओढून पाहा. खनिजांच्या एक ते दहा या मापावर गारगोटीची कठिणता ७, तिचा चरा काचेवर उठतो. कॅल्साइटची ३, तो काचेवर नुसती पांढरी भुकटी सोडतो. फुटतानाही फरक कळतो: कॅल्साइट सपाट पृष्ठांवर तिरप्या चौकटींत फुटतो, गारगोटी शिंपल्यासारखी वाकडीतिकडी.

एक काळजी नक्की घ्या. गारगोटी कोरडी कुटू नका, मशीनवर कोरडी घासू तर मुळीच नका. तिची धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो, आणि गुजरातमधल्या खंभातच्या अकीक कारागिरांना या आजाराने पिढ्यान्‌पिढ्या ग्रासलं आहे. दगडाला पैलू पाडायचे असतील, तर त्यावर पाण्याची धार चालू ठेवा.