अंतर भागिले वेग, तरी भागत नाही

दोन दूरच्या विमानतळांमधले अंतर शोधायचे, त्याला ताशी ९०० किलोमीटरने भागायचे आणि आलेले उत्तर तिकिटावरच्या वेळेशी ताडून पाहायचे, ही माझी जुनी खोड आहे. ते उत्तर सहसा जुळत नाही. मात्र न जुळण्याची कारणे त्या भागाकारापेक्षा कितीतरी रंजक असतात.

टोकियो आणि लॉस एंजेलिस ही शहरे ३५ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास असल्यामुळे भिंतीवरच्या नकाशात त्यांना जोडणारी आडवी रेषाच सर्वांत जवळची वाटते. पृथ्वीगोलावर या दोन ठिकाणी दोऱ्याची टोके धरून दोरा ताणला, तर तो आपोआप उत्तरेला, अल्यूशियन बेटांच्या दिशेने सरकतो. या बृहद्वृत्तावरून, म्हणजे गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेवरून, मोजलेले अंतर सुमारे ८,८०० किलोमीटर भरते. अक्षांश धरून गेल्यास चारशेहून अधिक किलोमीटर वाढतात. अंतर सांगणारी संकेतस्थळे हा ताणलेला दोराच मोजतात, विमान मात्र दरवेळी त्यावरून जातेच असे नाही. २०२२ मध्ये रशियाचे आकाश बंद झाल्यावर हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास तेरा तासांवर गेला, आणि दोन शहरांमधले अंतर तर तसूभरही बदलले नव्हते.

खरा घोळ वारा घालतो. विमानाचा ताशी ९०० हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेतला असतो आणि ती हवा स्वतःच धावत असते. मध्य अक्षांशांवर उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह हिवाळ्यात विशेष जोरात असतात. फेब्रुवारी २०२० मध्ये अशाच वाऱ्यावर न्यूयॉर्कहून निघालेले एक प्रवासी विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचले होते. जाताना मिळालेला वेळ येताना फिटतो, असे मी बरीच वर्षे समजत होतो. तसे होत नाही. ८,८०० किलोमीटरला ताशी १०० किलोमीटरचा वारा पाठीशी असेल, तर ८ तास ४८ मिनिटे लागतात, समोरून असेल तर ११ तास. बेरीज १९ तास ४८ मिनिटे. वारा अजिबात नसता, तर हीच फेरी १९ तास ३३ मिनिटांत झाली असती. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकते, म्हणून ही पंधरा मिनिटे हातची जातात.

तिकिटावरच्या वेळेत उड्डाणापूर्वी आणि उतरल्यावर जमिनीवर रांगत जाणेही धरलेले असते. त्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही.

घड्याळाचे मात्र आहे. हिवाळ्यात टोकियोचे घड्याळ लॉस एंजेलिसच्या १७ तास पुढे असते. टोकियोहून सोमवारी संध्याकाळी पाचला निघून दहा तास उडालेला प्रवासी सोमवारीच सकाळी दहाला उतरतो, म्हणजे तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी उणे सात तास येते. परतताना दुपारी बाराला निघून बारा तास उडाले, की टोकियोत दुसऱ्या दिवशीचे संध्याकाळचे पाच वाजलेले असतात आणि वजाबाकी एकोणतीस तास येते. उणे सात आणि एकोणतीस मिळून बावीस, आणि प्रत्यक्ष उड्डाणही तेवढेच. घड्याळाने घेतलेले सगळे परत केलेले असते. वाऱ्याकडची ती पंधरा मिनिटे तेवढी येणे राहतात.