फोन उचलणाऱ्यांच्या मागे बसलेली माणसं

सोमवार

तरुणांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या कुठल्याही संस्थेचं पोस्टर पाहा, कानाला हेडफोन लावलेला एक हसरा चेहरा दिसतो. रोस्टर, म्हणजे कोणी कधी बसायचं याचं वेळापत्रक, लावणारा माणूस पोस्टरवर कधी येत नाही. सगळा डोलारा मात्र त्याच्याच एक्सेल शीटवर उभा असतो.

हिशेब शाळकरी आहे. हेल्पलाइनच्या दोन खुर्च्या चोवीस तास, सातही दिवस भरलेल्या ठेवायच्या तर आठवड्याचे १६८ गुणिले २, म्हणजे ३३६ तास. चार तासांची शिफ्ट धरली तर ८४ शिफ्टा. आठवड्याला एक शिफ्ट देणारी ८४ माणसं मिळाली की काम झालं, असं वाटतं. पण आजारपण, लग्नकार्य, प्रवास, नवी नोकरी यांत पाचातला एक कायम गळालेलाच धरावा लागतो. म्हणजे १०५ माणसं, तीही प्रशिक्षण पूर्ण झालेली.

त्यात एक मेख. स्वयंसेवक बरेचसे विद्यार्थी असतात. परीक्षा आल्या की मुलांच्या डोक्यावरचा ताण वाढतो आणि नेमक्या त्याच आठवड्यांत ऐकणाऱ्यांच्या सुट्ट्यांचे अर्ज येतात. म्हणून परीक्षांच्या तारखा दोन महिने आधीच रोस्टरवर लाल रंगात टाकायच्या आणि तेवढे आठवडे नोकरदार आणि निवृत्त मंडळींकडून आधी कबूल करून घ्यायचे. ऐन वेळी ग्रुपवर ‘कोणी आहे का?’ टाकलं की हात वर करणारी तीच ती चार माणसं असतात. सहा महिन्यांत तीच चौघं संस्था सोडतात.

आणि १०५ हा खरा आकडा नव्हेच. खरा आकडा सुपरव्हायजरांचा. एकीला एका वेळी चार-पाच ऐकणारे नीट सांभाळता येतात. त्यापुढे ती फक्त फॉर्मवर सह्या करते.

मंगळवार, रात्री

शिफ्ट संपल्यावरची पंधरा मिनिटं. डिब्रीफ, म्हणजे सुपरव्हायजरने स्वयंसेवकाशी बोलणं. प्रश्न तीनच: कुठला कॉल डोक्यात राहिलाय? त्यात तू काय केलंस? आता इथून कुठे जाणार आहेस, घरी कोणी आहे का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि घाईत तोच गाळला जातो.

‘काही नाही, नेहमीचेच कॉल होते’ असं लागोपाठ तीन शिफ्टा म्हणणाऱ्याकडे जास्त लक्ष द्यावं. रडणारा सावरतो; काहीच न होणारा मात्र अचानक येणं बंद करतो. दुसरा धोका अतिउत्साही माणसाचा. जास्तीच्या शिफ्टा मागून घेतो आणि एक दिवस कॉलवरच्या मुलीला स्वतःचा नंबर देतो. हेतू चांगलाच असतो. पण ती पहाटे तीनला फोन करणार, हा झोपलेला असणार, आणि जिथे कोणीतरी नक्की उचलतं त्या नंबरची तिची सवय तोवर मोडलेली असणार. म्हणून नियम कडक: वैयक्तिक नंबर नाही, सोशल मीडियावर मैत्री नाही, संस्थेबाहेर भेट नाही.

नवशिक्यांचं अडखळणं ठरलेलं असतं ते एका प्रश्नावर. ‘काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर हवंय, हे समोरच्याला लगेच कळतं, आणि तो तेच देतो. विचारायचं ते सरळ: ‘आत्महत्येचे विचार मनात येतात का?’ विचारल्याने विचार मनात पेरला जातो ही भीती निराधार आहे. संशोधनातून तसं आढळलेलं नाही. उलट बऱ्याच जणांना हायसं वाटतं. प्रशिक्षणात जोड्या करून हे वाक्य मोठ्याने म्हणून घ्यायचं, ‘आत्महत्या’ शब्दाशी आवाज खाली जायचा थांबेपर्यंत. पुढचे प्रश्नही ठरलेले असतात: आत्ता येतायत का, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, कधीचं ठरवलंय, आधी कधी प्रयत्न झालाय का. उत्तरं होकारार्थी येऊ लागली की स्वयंसेवक हात वर करतो आणि सुपरव्हायजर दुसरा हेडफोन लावते. एक बोलत राहतो, दुसरी रुग्णवाहिका आणि पत्ता बघते. एकट्याने दोन्ही कामं होत नाहीत. म्हणून रात्रीच्या शिफ्टला एकटं कोणी नको.

धोका तातडीचा नसेल तर सेफ्टी प्लॅन, म्हणजे पुन्हा तसे विचार आले तर काय करायचं याचा मुलासोबत भरलेला कागद. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या आराखड्यात सहा पायऱ्या आहेत: आपली धोक्याची लक्षणं, स्वतःला स्वतः करता येईल असं काही, मन दुसरीकडे नेणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी माणसं, व्यावसायिक मदत, आणि आजूबाजूची धोकादायक साधनं दूर करणं. कागद भरला जातो, पण तो बिघडतो असा: स्वयंसेवक मुलाचे शब्द स्वतःच्या शुद्ध भाषेत लिहितो. ‘डोकं भणभणायला लागतं’ याचं ‘चिंता वाढते’ होतं, आणि रात्री एक वाजता मुलाला तो कागद आपला वाटत नाही. चौथ्या पायरीत नुसतं ‘मित्र’ लिहिलेलं असतं. कुठला मित्र? नंबर काय? तो उचलतो का?

बुधवार

१९५३ साली लंडनमध्ये चाड व्हाराह या पाद्र्याने समॅरिटन्स या हेल्पलाइनची सुरुवात केली. सल्ला तो स्वतः देणार होता. स्वयंसेवक होते ते त्याला भेटायला येऊन वाट पाहणाऱ्यांशी दोन शब्द बोलायला, चहा द्यायला. झालं असं की बाहेर चहा घेता घेता मन मोकळं केलेल्या कित्येकांना आत जायची गरजच उरेना. पुढच्याच वर्षी त्याने ऐकण्याचं काम स्वयंसेवकांच्या हाती सोपवलं. निवड करणं आणि पाठीशी उभं राहणं त्याने स्वतःकडे ठेवलं. गोष्टीतला चहा सगळ्यांना आठवतो, शेवटचं वाक्य कोणी सांगत नाही.

गुरुवार

पैसा. देणगीदाराला ॲप आवडतं, भित्तिचित्र आवडतं, ‘दहा हजार मुलांपर्यंत पोहोचलो’ हे फार आवडतं. सुपरव्हायजरच्या पगाराला तो ‘प्रशासकीय खर्च’ म्हणतो. म्हणून अर्ज लिहिणाऱ्याने तो पगार प्रशासनात दाखवूच नये. ‘सेवेची सुरक्षितता’ असा वेगळा रकाना करून प्रत्येक कॉलमागे सुपरव्हिजनचा खर्च किती, ते मांडावं. यात लपवाछपवी नाही, खरा खर्च तिथेच आहे. हिशेबनीसाचं दुखणं वेगळं: ठरावीक कामासाठी आलेलं अनुदान दुसरीकडे वळवता येत नाही, त्यामुळे बँकेत पैसे दिसत असूनही पगार अडतो. तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतका मोकळा राखीव निधी नसेल तर विश्वस्तांनी नवी शाखा उघडायचा विषय काढू नये.

प्रसिद्धी सांभाळणाऱ्यांसाठी एक नोंद. ‘निम्मे मानसिक आजार चौदाव्या वर्षाआधी सुरू होतात’ हे वाक्य २००५ च्या एका अमेरिकी पाहणीतून आलेलं आहे. १९२ अभ्यास एकत्र करून २०२१ साली आलेला आकडा चौदाच्या आत ३४.६ टक्के, अठराच्या आत ४८.४ आणि पंचविसाच्या आत ६२.५ टक्के असा आहे. पोस्टरवर जुनंच छापलं जातं, कारण ‘निम्मे’ सुटसुटीत वाटतं. ६२.५ हा आकडा मात्र कामाचा: अठराव्या वाढदिवसाला सेवा बंद करणाऱ्यांना दाखवायला. ऑस्ट्रेलियात २००६ साली सुरू झालेल्या हेडस्पेस या तरुणांसाठीच्या मानसिक आरोग्य सेवेने १२ ते २५ हा वयोगट धरला तो उगाच नव्हे.

शुक्रवार

बालसंरक्षण अधिकारी. पद मोठं, खुर्ची बहुधा कोपऱ्यातली. ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचन कोणीही द्यायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवणारी हीच व्यक्ती. मुलाने घरातला छळ सांगितला तर त्याच दिवशी, त्याच्याच शब्दांत, वेळेसकट नोंद. खोदून विचारायचं नाही. ‘काकांनी केलं का?’ असा एक सूचक प्रश्न पुढची सगळी चौकशी पोखरतो.

रविवार

स्वतः आजारातून गेलेली माणसं शाळा-कॉलेजांत बोलतात, तेव्हा सभागृह खरोखर शांत होतं. तयारी त्याहून शांतपणे करावी लागते. तपशील ‘काय केलं’ याचा नको, ‘कसा बाहेर आलो, कोणाशी बोललो’ याचा हवा. मानधन द्यायचं. बोलून झाल्यावर त्याच संध्याकाळी फोन करायचा आणि दुसऱ्या दिवशीही, कारण टाळ्या ओसरल्यावर रात्र जड जाते.

संमतीपत्रावर ‘केव्हाही माघार घेता येईल’ असं छापलेलं असतं. एकोणिसाव्या वर्षी हौसेने सांगितलेली गोष्ट पंचविसाव्या वर्षी नोकरीच्या मुलाखतीआधी नकोशी होते. तेव्हा तो व्हिडिओ कुठल्या वेबसाइटवर, कुठल्या वार्षिक अहवालात, कुठल्या देणगीदाराच्या सादरीकरणात गेलाय याची यादी कोणीतरी ठेवलेली असावी लागते. तारखेसह, दर तीन महिन्यांनी तपासलेली. हे काम कोणाचं, हे बहुतेक ठिकाणी कागदावर लिहिलेलंच नसतं.