इटालियनमधलं ‘आहे’

इटालियन शिकायला घेतलं की ‘एस्सेरे’ म्हणजे ‘असणे’ हे क्रियापद अगदी सुरुवातीलाच भेटतं. पण ‘फळीवर पाव आहे’ म्हणायला नुसतं एस्सेरे पुरत नाही, आधी ‘ची’ हा एवढासा शब्द लागतो. एकवचनात दोन्ही मिळून ‘चे’, अनेकवचनात ‘ची सोनो’. इटलीतल्या तोरीनोला, म्हणजे ट्युरिनला, शिकायला आल्यावर माझ्या कितीतरी संध्याकाळी या ‘ची’पायी गेल्या.

‘ची’ म्हणजे ‘तिथे’, असं वर्गात सांगत. माझं समाधान होईना. इथे हमरस्त्यांच्या कडेला भिंतींवर ‘दिओ चे’, देव आहे, असं रंगवलेलं दिसतं. त्यात कुठलं आलं ‘तिथे’?

उलगडा झाला तो मराठीमुळे. ‘टेबलावर पुस्तक आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’ ही वाक्यं मी वहीत एकाखाली एक लिहिली. पहिल्यात पुस्तकाची वार्ता नवी. दुसऱ्यात पुस्तक माहीतच आहे, फक्त जागा सांगायची आहे. आपण शब्द पुढेमागे करून हे साधतो. इटालियन पहिल्यासाठी ‘चे उन लीब्रो सुल तावोलो’ म्हणते, दुसऱ्यासाठी ‘इल लीब्रो ए सुल तावोलो’. दुसऱ्यात ‘ची’ नाही! मग मी रोज अशा जोड्या लिहू लागले आणि पोर्ता पालात्सोच्या बाजारात त्या बोलून पाहू लागले. ‘ची सोनो इ कार्चोफी?’, आर्टिचोक आहेत का, विचारलं की भाजीवाल्या बाई ‘चे ने सोनो!’ म्हणत, आहेत की! त्यातलं ‘ने’ म्हणजे ‘त्यातले’. हे कानाने शिकण्यासारखं आहे, कोष्टकातून ते येत नाही.

भूतकाळ मराठी माणसाला जड जाऊ नये. सण झाला, सभा झाली, तसंच ‘चे स्तातो’, ‘चे स्ताता’: लिंग-वचन नामाप्रमाणे बदलतं. ‘एझिस्तेरे’ हे वेगळं क्रियापदही आहे, पण ते ‘अस्तित्वात असणे’सारखं भारदस्त, दूध आहे का विचारताना ते कुणी वापरत नाही.

मला सगळ्यात आवडलं ते दक्षिणेतल्या नापोलीकडचं, म्हणजे नेपल्सकडचं, बोलणं. तिथे वस्तू ‘असत’ नाहीत, ‘राहतात’: एस्सेरेच्या जागी ‘स्तारे’ येतं आणि ‘चे’ऐवजी ‘चे स्ता’ ऐकू येतं. गंमत म्हणजे प्रमाण इटालियनमध्येही एस्सेरेचं भूतकाळी रूप, ‘स्तातो’, स्तारेकडूनच आलेलं आहे. सध्या माझी वही या दक्षिणेकडच्या वाक्यांनी भरते आहे.