पहिला हप्ता नारळी पौर्णिमेनंतर

१७ जून

मासेमारीची पावसाळी बंदी लागून सतरा दिवस झाले. ३१ जुलैपर्यंत होड्या झापांनी शाकारलेल्या राहणार. खलाशाच्या हातात पैसा नाही, वेळ मात्र भरपूर. दारू सोडू पाहणाऱ्याला हेच दोन महिने जड जातात, आणि नेमकं आत्ताच घरचे म्हणतात, 'जा, ज्याचं चोरलंस त्याचे पाय धर, विषय मिटव.'

एवढी घाई नको. रोज पिणाऱ्याने एकदम दारू तोडली की पहिल्या काही दिवसांत भास होऊ शकतात, फिट येऊ शकते. ते दिवस दवाखान्यात काढायचे, देवळात शपथ घालून नव्हे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, बारा पायऱ्यांच्या वाटेवरही ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी आठव्या पायरीला येते, भरपाई नवव्या; तीही समोरच्याला किंवा आणखी कुणाला इजा होणार नसेल तरच.

यादीत 'सगळ्यांना त्रास दिला' हे चालणार नाही. जाळं बुडावं म्हणून दोरीत ओवलेलं शिसं चोरून भंगारात विकलं ना? मग कोणाच्या जाळ्याचं, किती किलो, जाळं किती दिवस पडून राहिलं, शिसं पुन्हा ओवायला कोण बसलं, हे लिहायचं. भंगारवाल्याने दिले तेवढंच नुकसान नसतं. ओली दोरी ओढत एकेक मणी बसवताना बायांच्या बोटांना चिरा पडतात, त्याही हिशेबात धरायच्या.

मग मध्यस्थाने आधी ज्याचं गेलं त्याला एकट्याला भेटावं. तो नको म्हणाला तर तिथेच थांबावं. गावकीच्या बैठकीत तर हे मुळीच नको. चाळीस माणसं 'झालं गेलं विसर' म्हणू लागली की ज्याचं गेलं तोच गप्प होतो, याचं मला फार वाईट वाटतं. आणि दंड दिला नाही म्हणून कुणाला वाळीत टाकलं, तर महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने तोही गुन्हाच.

खटला चालू असेल तर कबुली लिहून देण्याआधी वकिलाला विचारावं. पोलिसांबाहेर कुणाला दिलेली कबुलीही पुराव्यात येऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) मध्ये एक वाट आहे: चोरी ५,००० रुपयांच्या आतली, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरलेला, आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची.

सगळ्यात जास्त घोळ हप्त्यात होतो. लाजेपोटी माणूस 'महिन्यात देतो' म्हणतो, जमत नाही, मग तोंड चुकवतो आणि पुन्हा गुत्ता गाठतो. समजा ४,२०० ठरले, तर ७०० चे सहा हप्ते करावेत, पहिला नारळी पौर्णिमेनंतर. मालकाच्या उचलीत हे पैसे मिसळू नयेत. वहीत तारीख, रक्कम, घेणाऱ्याची सही, बस. माफीचा रकाना आखू नये.

तोवर हात रिकामे नकोत. जाळी शिवता येतात. ज्याचं गेलं त्याला हा माणूस दारात नको असेल, तर फाटलं जाळं शेजाऱ्याने आणून द्यावं आणि शिवून झालं की त्यानेच परत पोचवावं.