खान्देशच्या डोक्यावरून जाणारा एम 27

खान्देशात बसून प्लॅनेटरी नेब्युलाचा, म्हणजे मरत्या ताऱ्याने फेकलेल्या वायूच्या ढगाचा फोटो काढायचा असेल तर माझ्या मते सुरुवात एम 27 नेच करावी, डंबेल म्हणतात तो. कारण साधं आहे, त्याची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश म्हणा, जवळपास 22.7 अंश उत्तर आणि आपलं यावल-रावेर 21 अंशाच्या थोडं वर, म्हणजे गडी आपल्या पार डोक्यावरून जातो. धूळ, जळगाव-भुसावळचा उजेड, सगळं खाली राहतं.

ऑक्टोबरात अंधार पडला की तो वरच असतो. अभिजित, हंस, श्रवण हा मोठा त्रिकोण धरा, त्यात शर नावाचा छोटा बाण आहे, बाणाच्या टोकापासून सरळ उत्तरेला 3 अंश. बायनॉक्युलरमध्येही पुसट डाग दिसतो. पण अमावस्या पाहिजे, आणि या दिवसातली एक अमावस्या नेमकी लक्ष्मीपूजनाची, त्या रात्री कसले तारे आणि कसलं काय, सगळा धूर! म्हणून दिवाळीच्या आधीच उरकायचं.

आम्ही सातपुड्याच्या पायथ्याला मित्राच्या केळीच्या बागेजवळ बसतो. तिथे दव इतकं पडतं की ड्यू हीटर, म्हणजे भिंगावर दव साचू नये म्हणून लावायची गरम पट्टी, नसला तर फोटो विसरा. आणि डोक्यावर आहे म्हणजे सगळं सोपं असंही नाही बरं का, डॉब्सोनियन (साध्या लाकडी पेटीवर फिरणारी दुर्बीण) तिथे वळवताना जीव जातो, अल्टअझिमथ माउंटवर, म्हणजे वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणाऱ्या बैठकीवर, फ्रेम गरगर फिरते, म्हणून पृथ्वीच्या अक्षाला समांतर लावायचा इक्वेटोरियल माउंटच लागतो, तो जुळवायला ध्रुवतारा दिसायला हवा आणि तो इथून जेमतेम 21 अंश वर, डोंगराला फार चिकटून बसलात की गेला आड.

रात्रीची लाईट आली म्हणून मोटर चालू करायला आलेल्या मित्राच्या काकांनी दुर्बिणीच्या आयपीसला डोळा लावला आणि म्हणाले, "काय भो, एवढं सामान लावलं आन् नुसता धूरच दिसून राह्यला!" बरोबरच आहे, डोळ्याला तो राखाडीच दिसतो, इतक्या कमी उजेडात आपल्याला रंग कळत नाहीत. म्हाताऱ्या ताऱ्याने बाहेर फेकलेला वायू आहे तो, मधे उरलाय श्वेत बटू, म्हणजे त्या ताऱ्याचा छोटा तापलेला गाभा, त्याच्या अतिनील किरणांनी हा वायू चमकतो. 30-30 सेकंदांच्या फ्रेम घेऊन डीपस्कायस्टॅकर या फोटो एकावर एक रचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या की मग मधला निळा-हिरवा भाग वर येतो, तो ऑक्सिजनचा, तरंगलांबी 500.7 नॅनोमीटर. 1864 मध्ये हगिन्स या खगोलशास्त्रज्ञाने दुसऱ्या एका नेब्युलाच्या वर्णपटात याच प्रकाशाची रेषा पाहिली तेव्हा ती कशाची ते कोणालाच कळेना, मग नेब्युलियम नावाचं नवीनच मूलद्रव्य मानून मोकळे झाले, 1927 मध्ये बोवेन या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवलं की हा आपला ऑक्सिजनच, फक्त अतिशय विरळ.

कडेचा हायड्रोजनचा लाल मात्र माझ्या फोटोत फिकाच येतो, कारण साध्या डीएसएलआरच्या सेन्सरपुढचा फिल्टर तोच लाल अडवतो. तो काढून घेता येतो, पण याच कॅमेऱ्यावर लग्नाच्या ऑर्डरी घेतो मी, नवरदेव लालभडक आला तर पैसे कोण देणार?